जागच्या जागी



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याबद्दल मी इथे वेगळं काय सांगणार? तुमच्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी टाके घातले असतील. मला आठवतं ते त्यांचं ड्रेसिंग. मेडिकलला असताना उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या मी त्यांच्या दवाखान्यात काढल्या. कंपाउंडर होता, सिस्टर होत्या, पण जखम बांधायला डॉक्टर स्वतः बसायचे. खाली पाटावर बसून, पेशंटचा पाय मांडीवर घेऊन. मला तेव्हा ते काम हलकं वाटायचं. मला मोठी ऑपरेशनं करायची होती.

पुढे मी मुंबईला सर्जरी शिकत होतो. १९८६ साली डॉक्टरांनी याच तालुक्यातली एक बाई माझ्याकडे पाठवली. वय साठीच्या आसपास. टाचेला काळा डाग पडला होता. अनवाणी राबणारा पाय, काटा मोडला असेल म्हणून घरच्यांनी बिब्बा लावला. मग कुरूप समजून कुणीतरी ते ब्लेडनं तासलं. तासलं की रक्त यायचं, खपली धरायची, पुन्हा तेच. वर्ष-दीड वर्षात टाचेपासून पोटरीपर्यंत उडदाच्या दाण्यांसारख्या काळ्या गाठी उठल्या. काही फुटल्या होत्या. तपासणीत मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग निघाला. आमच्या युनिटचं मत पडलं की पाय मांडीतून काढावा लागेल. ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. तिनं एकच विचारलं, "पाय काढल्यावर परत यायचं नाही ना हे?" मला तशी खात्री देता आली नाही. ती म्हणाली, "मग दोन पायांवरच जाते घरी." आणि गेली.

आज जे सांगणार आहे ते त्या बाईला मी सांगू शकलो नाही, कारण त्यातलं बरंचसं तेव्हा अस्तित्वात नव्हतं आणि जे होतं ते मला माहीत नव्हतं. विषय आहे: त्वचेचा कर्करोग पसरल्यानंतर जागच्या जागी करायचे छोटे उपचार. ऐकताक्षणीच यात विसंगती वाटेल. आजार पसरला आहे ना? मग एका जागी काही करून काय साधणार? शेतभर तण माजलेलं असताना एकाच वाफ्यात खुरपं चालवण्यातला प्रकार. ही शंका रास्त आहे, आणि व्याख्यान संपेपर्यंत मी तिच्याशीच झगडणार आहे.

अवधाणाची वाट

आधी आजाराची ओळख. त्वचेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार तीन. त्यातले बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल हे दोन कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचे. बेसल सेल जागा कुरतडत राहतो, पण दूर जवळजवळ कधीच जात नाही. स्क्वॅमस कधीमधी जातो. तिसरा मेलॅनोमा, कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा. संख्येनं सर्वांत कमी, पसरण्यात सर्वांत पुढे.

आपल्या देशात या आजारांचा तोंडवळा वेगळा आहे. काश्मीरमध्ये थंडीत फेरन या सैल अंगरख्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात. वर्षानुवर्षांच्या त्या उष्णतेनं पोटावर, मांड्यांवर कर्करोग होतो, हे एकोणिसाव्या शतकातच नोंदलं गेलं. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली धोतराच्या कर्करोगाकडे लक्ष वेधलं. कमरेवर जिथे धोतर घट्ट आवळलेलं असतं, घासतं, घाम मुरतो, तिथेच तो होतो.

मेलॅनोमा हा गोऱ्यांचा आजार, आपल्याला त्याची काय भीती, असा समज डॉक्टरांमध्येही असतो. कडक ऊन आणि गोरी कातडी यांची गाठ पडलेल्या ऑस्ट्रेलियात तो फार होतो आणि आपल्याकडे दुर्मीळ आहे, हे खरं. पण आपल्याकडे तो बऱ्याचदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो: तळवा, टाच, नखाखाली, तोंडाच्या किंवा गुदद्वाराच्या अस्तरात. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली मेलॅनोमा निघाला. अंगठा काढू द्यायला त्यानं नकार दिला. मे १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला, तेव्हा आजार मेंदूपर्यंत पोचला होता. ऊन नसलेल्या जागी काळा डाग दिसला, तो वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, रक्त येत असेल, तर ब्लेड लावू नका, बायोप्सी करा. आजच्या भाषणातलं हे एक वाक्य घरी नेलंत तरी माझं येणं सार्थकी लागलं.

आता तो पसरतो कसा? पायाला ठेच लागली, जखम पिकली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. पायातून निघणाऱ्या लसिकावाहिन्या जांघेतल्या ग्रंथींशी जाऊन मिळतात. मेलॅनोमाच्या पेशी याच वाटेनं निघतात. काही जांघेपर्यंत पोचतात, काही पुढे निसटून यकृत, फुप्फुस, मेंदू गाठतात. पण काही वाटेतच मुक्काम ठोकतात आणि तिथेच वाढतात. त्यांना मी वाटेवरच्या गाठी म्हणतो. त्या बाईच्या पोटरीवरचे उडदाचे दाणे म्हणजे याच. एक कापावी तर महिन्याभरात शेजारी दोन उगवतात. आजार पसरलेला आहे, पण अजून एका पायाच्या वेशीबाहेर पडलेला नसावा, अशी ही अधली-मधली अवस्था. आज सांगणार असलेले काही उपचार याच अवस्थेशी झुंजताना जन्मले.

मोहरीचा वारसा

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स नावाचं शहर आहे. तिथल्या टुलेन विद्यापीठातल्या ऑस्कर क्रीच आणि एडवर्ड क्रेमेंट्झ या सर्जनांपुढे १९५७ साली ७६ वर्षांचे एक गृहस्थ आले. पायभर मेलॅनोमाच्या गाठींचा सडा. पाय कापायला त्यांनी नकार दिला. अगदी आमच्या बाईसारखाच.

या सर्जनांचा प्रश्न असा होता: गाठी मरतील इतकं कडक औषध द्यावं तर माणूस मरतो, माणूस जगेल इतकं सौम्य द्यावं तर गाठी जगतात. मग औषध फक्त पायालाच दिलं तर? चार वर्षांपूर्वी, मे १९५३ मध्ये, फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनवर हृदयाचं पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं होतं. क्रीच-क्रेमेंट्झ यांनी तसलंच यंत्र पायाला जोडलं. मांडीची रोहिणी आणि नीला उघडून त्यात नळ्या घातल्या, वर पट्टा आवळला आणि पायाचं रक्ताभिसरण उरलेल्या शरीरापासून तोडलं. मग त्या बंद चक्रात औषध सोडलं आणि शेवटी सगळं धुऊन काढून पाय पुन्हा शरीराला जोडला. एखाद्या वाफ्याचे बांध घट्ट घालून तेवढ्याच वाफ्यात पाणी कोंडावं, तसं. शरीराला सोसेल त्याच्या कितीतरी पट तीव्र मात्रा अशी एकट्या पायाला देता येते.

औषध होतं मेल्फालन. त्याची कुळकथा पहिल्या महायुद्धात सुरू होते. १९१७ साली यीप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्यानं मस्टर्ड गॅस सोडला. वासावरून त्याला मोहरीचं नाव मिळालं. त्यानं मेलेल्या सैनिकांच्या शरीरात पांढऱ्या पेशी विरळ झालेल्या आढळल्या. त्या धाग्यावरून येल विद्यापीठात १९४२ मध्ये त्याच कुळातलं एक रसायन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णाला दिलं गेलं आणि केमोथेरपीचं युग सुरू झालं. पुढे लंडनच्या रसायनतज्ज्ञांना एक युक्ती सुचली. काळा रंग बनवताना रंगपेशी फेनिलॅलनिन नावाच्या अमिनो आम्लाच्या कुळातला कच्चा माल वापरतात. त्याच आम्लाला मोहरीचं विष चिकटवलं तर मेलॅनोमा ते खाऊ म्हणून गिळेल. युक्ती नामी होती, पण शिरेतून साऱ्या शरीराला दिलेलं मेल्फालन मेलॅनोमावर फारसं चाललं नाही. दुसऱ्याच एका रक्ताच्या कर्करोगात, मायलोमात, त्यानं नाव काढलं. मेलॅनोमासाठी बनलेलं औषध मेलॅनोमावर चाललं ते पायात कोंडल्यावर.

त्या ७६ वर्षांच्या गृहस्थांच्या गाठी विरल्या. ते ९२ व्या वर्षी गेले, तोवर गाठी परत आल्या नव्हत्या. पहिल्याच रुग्णात असं यश क्वचित मिळतं, आणि सगळ्यांना ते मिळालं नाही, हेही सांगायला हवं.

पिचकारीचं काम

ही पद्धत प्रभावी, पण शस्त्रक्रिया मोठी, तासन् तास चालणारी. ऐंशीच्या आजोबांना ती कशी झेपावी? १९९० च्या दशकात सिडनीच्या जॉन थॉम्पसन यांनी ती सोपी करून दाखवली. मांडी उघडायची नाही. अँजिओग्राफीत करतात तसे दुसऱ्या जांघेतून सुईच्या भोकानं दोन बारीक कॅथेटर आजारी पायाच्या रोहिणीत आणि नीलेत सरकवायचे. मांडीला हवेचा पट्टा फुगवायचा. औषध आत सोडायचं आणि मग २० ते ३० मिनिटं एका डॉक्टरनं सिरिंजनं नीलेतून रक्त ओढायचं आणि रोहिणीत ढकलायचं. ओढायचं, ढकलायचं. हार्ट-लंग मशीनच्या जागी हाताची पिचकारी! शेवटी सलाइननं पाय आतून धुवायचा आणि पट्टा सोडायचा.

यंत्र नसल्यानं पायातल्या रक्ताला प्राणवायू मिळत नाही. वाटलं होतं ही उणीव ठरेल. पण प्राणवायू कमी पडला की पेशी आंबट होतात आणि मेल्फालन अशा वातावरणात अधिक जोमानं काम करतं. उणीवच कामी आली. सिडनीच्या चौदा वर्षांच्या अनुभवात १८५ रुग्णांपैकी ३८ टक्के लोकांच्या पायावरच्या गाठी पूर्ण गेल्या, आणखी ४६ टक्क्यांच्या आकसल्या. पाय काही आठवडे लाल होतो, सुजतो. क्वचित स्नायूंना गंभीर इजा होते. पण वयस्कर माणसाला हे झेपतं आणि गरज पडल्यास पुन्हाही करता येतं.

अवयव कोंडायचा आणि धुवायचा, ही कल्पना पुढे यकृतापर्यंत गेली. डोळ्याचा मेलॅनोमा यकृतात पसरतो तेव्हा कॅथेटरनं यकृताला मेल्फालन पाजून बाहेर पडणारं रक्त शरीराबाहेर गाळून परत देण्याच्या पद्धतीला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली.

किलकिलं दार

पण गाठी छातीवर असतील, डोक्यावर असतील, तर? तिथे पट्टा कुठे आवळणार? इथे कामाला आली वीज.

पेशीभोवतीचं आवरण तेलकट असतं. पाण्यात विरघळणारे मोठे रेणू त्यातून आत शिरू शकत नाहीत. १९८२ साली जर्मनीत एबरहार्ड नॉयमान यांनी दाखवलं की विजेचा नेमका झटका दिला की आवरणात क्षणभर छिद्रं पडतात आणि मग आपोआप बुजतात. पॅरिसलगतच्या व्हिलज्युइफ इथल्या ग्युस्ताव्ह रूसी संस्थेतले संशोधक ल्युई मीर यांनी ही गोष्ट ब्लिओमायसिनशी जोडली. ब्लिओमायसिन हे मातीतल्या एका जिवाणूपासून जपानमध्ये हामाओ उमेझावा यांनी मिळवलेलं औषध. पेशीत शिरलं तर जनुकांचा धागा कुरतडून टाकतं, पण शिरणंच त्याला जमत नाही. दाराबाहेर ताटकळत उभा असलेला पैलवान म्हणा. विजेनं दार किलकिलं केलं की त्याची मारकता शेकडो पटींनी वाढते. माणसांवरच्या पहिल्या प्रयोगाचा अहवाल १९९१ साली आला.

प्रत्यक्ष उपचार असा. भूल द्यायची. शिरेतून ब्लिओमायसिन द्यायचं, ते सगळीकडे पोचायला आठेक मिनिटं थांबायचं. मग गाठीत सुयांचा झुबका टोचून विजेचे आठ ठोके द्यायचे, प्रत्येक ठोका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाचा. म्हणजे वीज वाहण्याचा एकूण वेळ एका मिलिसेकंदाहूनही कमी. जिथे वीज तिथेच दार उघडतं, म्हणून औषध अंगभर फिरूनही मारा त्या गाठीपुरता होतो. शिवाय झटक्यानं गाठीतल्या रक्तवाहिन्या काही काळ आवळतात, त्यामुळे भळभळणारी गाठ टेबलावरच कोरडी पडू लागते.

२००६ साली व्हिलज्युइफ, कोपनहेगन, ल्युब्ल्याना आणि कॉर्क इथल्या केंद्रांनी मिळून या पद्धतीचे नियम आणि निकाल मांडले. उपचार केलेल्या गाठींपैकी ८५ टक्के आटोक्यात आल्या, सुमारे ७४ टक्के पूर्ण गेल्या. आकडे टाळी वाजवण्याजोगे आहेत, पण टाळी वाजवण्याआधी ते पुन्हा वाचा. हे आकडे गाठींचे आहेत, माणसांचे नाहीत. शंभर गाठींपैकी चौऱ्याहत्तर गेल्या म्हणजे शंभर माणसांपैकी चौऱ्याहत्तर वाचली, असं नाही. न टोचलेल्या गाठीला या विजेचा पत्ताही नसतो.

डेन्मार्कच्या डॉक्टरांनी पुढे ब्लिओमायसिनऐवजी साधं कॅल्शियम वापरून पाहिलं. दार उघडल्यावर कॅल्शियमचा लोंढा आत घुसतो आणि तो उपसताना पेशी दमून मरते. छोट्या चाचणीत ते ब्लिओमायसिनच्या तोडीला तोड ठरलं. कॅल्शियमची किंमत काय असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्यासारख्या देशानं ज्याच्याकडे डोळे लावून बसावं अशी ही गोष्ट आहे.

डाव्या दंडावरचा व्रण

आतापर्यंतच्या उपचारांत गाठ ही शत्रूची चौकी होती. दुसरी एक परंपरा आहे, तीत गाठ ही शाळा आहे.

न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाचा तरुण सर्जन होता. सतरा वर्षांच्या एका मुलीच्या हाताला सार्कोमा, म्हणजे हाडामांसाचा कर्करोग, झाला. कोलीनं हात कापला, तरी १८९१ च्या जानेवारीत ती गेली. हादरलेला कोली रुग्णालयाची जुनी दप्तरं चाळत बसला. त्यात एक नोंद सापडली: मानेवर पुन्हा पुन्हा उगवणारी गाठ असलेल्या एका रुग्णाला धावरे, म्हणजे विसर्प, हा कातडीचा संसर्ग झाला, फणफणून ताप आला आणि ताप उतरताना गाठही उतरली. कोली वस्त्यांमधून हिंडला आणि तो माणूस त्यानं शोधून काढला. तो धडधाकट होता. मग कोलीनं धावऱ्याचे जंतू मुद्दाम गाठीत टोचायला सुरुवात केली. काहींच्या गाठी विरल्या, काहीजण संसर्गानं दगावले. पुढे तो मेलेले जंतू वापरू लागला. असं का होतं, हे त्या काळात कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. म्हणून किरणोपचार आले तशी ही पद्धत मागे पडली.

कल्पना मात्र टिकली. तुमच्या डाव्या दंडावर क्षयाच्या लसीचा, बीसीजीचा व्रण असेल, तो चाचपून पाहा. १९७० च्या दशकात अमेरिकेत डोनाल्ड मॉर्टन यांनी हीच बीसीजीची लस मेलॅनोमाच्या गाठींत टोचली. टोचलेल्या बहुतेक विरल्या. आणि काही थोड्या रुग्णांत न टोचलेल्या गाठीही विरल्या. आमच्या वाफ्याच्या दाखल्यात सांगायचं, तर खुरपं एका वाफ्यात चाललं आणि तण शेजारच्या वाफ्यातलंही सुकलं. कारण खुरपं चालवणारे हात आता शरीराचे स्वतःचे होते. फुटलेल्या गाठीचे तुकडे रोगप्रतिकारक पेशी ओळखायला शिकल्या आणि ती ओळख घेऊन दूरवर फिरल्या.

हाच धागा पकडून विषाणू आला. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाणीदार फोड येतात, ते करणारा हर्पिसचा विषाणू. शास्त्रज्ञांनी त्याची दोन जनुकं काढली. एक काढल्यानं तो निरोगी पेशीत वाढू शकत नाही, दुसरं काढल्यानं तो रोगप्रतिकारक यंत्रणेपासून लपू शकत नाही. उलट, पहारेकऱ्यांना हाक मारणारं एक मानवी जनुक त्यात घातलं. टी-व्हेक या लघुनावानं ओळखलं जाणारं हे औषध गाठीत टोचतात. विषाणू कर्कपेशीत वाढतो, ती फोडतो आणि फुटताना आरडाओरड करवतो. ४३६ रुग्णांच्या चाचणीत सहा महिने वा अधिक टिकलेला प्रतिसाद १६.३ टक्क्यांना मिळाला, तुलनेच्या गटात २.१ टक्क्यांना. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. टोचलेल्या गाठींपैकी ६४ टक्के निम्म्याहून लहान झाल्या. कातडीजवळच्या न टोचलेल्या गाठींत हे प्रमाण ३४ टक्के, यकृत-फुप्फुसासारख्या आतल्या अवयवांतल्या गाठींत १५ टक्के. हे तीन आकडे शेजारी ठेवा. शाळा भरते, धडा शिकवला जातो, पण जितकं दूर जावं तितका तो विसरला जातो.

मग आता कशाला?

माझा प्रवास इथेच संपवता आला असता, तर व्याख्यान चढत्या सुरात संपलं असतं. पण २०११ नंतर सगळंच बदललं. त्या वर्षी इपिलिमुमॅब हे औषध आलं, मग निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब. ही औषधं रोगप्रतिकारक पेशींचे ब्रेक सोडतात. या शोधासाठी जेम्स अॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. ज्या पसरलेल्या मेलॅनोमात रुग्ण वर्षभर काढेल असं आम्ही म्हणायला धजत नव्हतो, त्यात इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब एकत्र दिलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनंतर जिवंत असल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. मग पट्टे, पिचकाऱ्या, विजेचे ठोके हवेत कशाला?

वाटलं होतं, दोन्ही एकत्र केले की सोन्याला सुगंध येईल. विषाणू शाळा भरवेल, औषध ब्रेक सोडेल. ६९२ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत टी-व्हेक आणि पेम्ब्रोलिझुमॅब एकत्र दिलं. नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅबपेक्षा ना आजार थोपण्याचा काळ ठोसपणे वाढला, ना आयुष्य. सुंदर तर्कालाही चाचणीपुढे मान तुकवावी लागते.

मात्र शाळेची कल्पना पार खोटी ठरली नाही, वेगळ्या बाजूनं परत आली. जांघेसारख्या ठिकाणी पसरलेला पण कापता येण्याजोगा मेलॅनोमा असलेल्या ३१३ रुग्णांच्या चाचणीत एका गटाला आधी ऑपरेशन करून मग पेम्ब्रोलिझुमॅब दिलं, दुसऱ्याला गाठ जागेवर असतानाच तीन डोस देऊन मग ऑपरेशन केलं. दोन वर्षांनी आजाराचा पुन्हा घाला न झालेले पहिल्या गटात ४९ टक्के होते, दुसऱ्यात ७२. औषध तेच, सुरी तीच, फक्त क्रम बदलला. गाठ काही आठवडे जागेवर राहू देणं हाही एक स्थानिक उपचार ठरला! सर्जन म्हणून हे पचवायला मला वेळ लागला.

आणि जिमी कार्टर आठवा. अमेरिकेच्या या माजी अध्यक्षांना वयाच्या नव्वदीत, ऑगस्ट २०१५ मध्ये, यकृतात आणि मेंदूत पसरलेला मेलॅनोमा निघाला. यकृतातली गाठ काढली, मेंदूतल्या चार ठिपक्यांवर नेमके किरण सोडले आणि पेम्ब्रोलिझुमॅब दिलं. डिसेंबरात आजाराचा मागमूस नव्हता. ते डिसेंबर २०२४ मध्ये, वयाची शंभरी पार करून गेले. श्रेय बातम्यांनी औषधाला दिलं आणि ते बरोबरही आहे. पण औषधाला काम करायला महिने लागतात. मेंदूतला ठिपका तेवढा काळ वाट बघत बसेलच, याची खात्री कोण देणार?

तेव्हा माझं उत्तर असं. पसरलेल्या आजारात मुख्य लढाई आता सर्वांगाच्या औषधांची आहे, यात शंका नको. पण स्थानिक उपचारांची जागा गेलेली नाही. आजार एका पायापुरता असेल आणि माणूस थकलेला असेल तेव्हा. बाकी सगळं आटोक्यात असून एकच गाठ दांडगाई करत असेल तेव्हा. ब्रेक सोडणारी औषधं चालली नाहीत किंवा सोसली नाहीत तेव्हा. आणि ती परवडत नाहीत तेव्हा. शेवटचं कारण परदेशी पुस्तकात छोट्या अक्षरांत असतं, आपल्याकडे ते पहिल्या ओळीत असतं. म्हणूनच टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅब अवघ्या २० मिलिग्रॅममध्ये, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहून कमी, गोळ्यांच्या केमोला जोडून दिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. तो आजार वेगळा, पण कमीत काय साधतं हे विचारण्याची ती रीत आपली आहे.

आणखी एक जागा आहे, ती कुठल्याच आलेखात दिसत नाही. फुटलेली गाठ रक्त गाळते, पाझरते आणि तिला घाण येते. या अवस्थेत माणूस आपला आजार आधी नाकानं ओळखतो आणि घरचेही. रक्त थांबवायला किरणांचा एकच डोस पुष्कळदा पुरतो. विजेचे ठोके पुरतात. आणि वासाला? तो वास ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. जुलाबावर देतात ती मेट्रोनिडाझोलची गोळी त्यांना मारते. गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकायची. काही रुपयांचं काम.

हे मी पुस्तकात वाचलं नव्हतं. ती बाई मुंबईहून गेल्यावर दोनेक महिन्यांनी आपल्या डॉक्टरांचं आंतरदेशीय पत्र आलं. आमच्या युनिटचा सल्ला बरोबर होता की चूक, याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. लिहिलं होतं की ती रोज ड्रेसिंगला येते. पहिल्या दिवशी त्यांनी तिला विचारलं की सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो. ती म्हणाली, वासाचा, नातू जवळ येत नाही. तेव्हापासून ते गोळ्या कुटून टाकत होते. आठ दिवसांत वास गेला. आता नातू तिच्या अंथरुणात झोपतो, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि खाली एका ओळीत, अशा जखमांसाठी याहून काही नवीन निघालं असेल तर कळव.

त्या पत्राचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आज तासभर जे बोललो ते त्या शेवटच्या ओळीचं उत्तर समजावं. पुष्कळ नवीन निघालं आहे, डॉक्टर. तुमची पूड मात्र अजून चालते.